जपानकडून शिकायचं तर बुलेट ट्रेनच्या आधी ही एका डब्याची गाडी बघा

जपानच्या रेल्वेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा थेट बुलेट ट्रेनवर जाते. मुंबई-अहमदाबाद मार्गामुळे शिनकानसेन हे नाव घराघरांत पोचलंय. वेग किती, खर्च किती, जमिनी कोणाच्या गेल्या, यावर वाद व्हायलाच हवेत. पण मला फार दिवसांपासून वाटतंय की शिकण्यासारखी गाडी वेगळीच आहे. मी ईशान्य जपानात, सेंदाईला राहते. इथून उत्तरेला इवाते प्रांत लागतो आणि त्याच्या किनाऱ्याने सानरिकु रेल्वेची डिझेलवर चालणारी, बऱ्याचदा एकाच डब्याची गाडी धावते. आज तिच्याबद्दल लिहायचंय. पोस्ट लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं काही लक्षात येणार नाही. इवाते हा होन्शु बेटावरचा सगळ्यात मोठा प्रांत. क्षेत्रफळ सव्वापंधरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या पुणे जिल्ह्याएवढं. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती, इवातेत २०२० मध्ये होती १२ लाख. त्यातलीही बरीचशी आतल्या बाजूला, किताकामी नदीच्या खोऱ्यात राहतात. मोरिओका, हानामाकी, इचिनोसेकी ही शहरं तिथेच, आणि १९८२ पासून शिनकानसेनही त्याच खोऱ्यातून जाते. समुद्र डोंगरांच्या पलीकडे. मोरिओकाहून किनाऱ्यावरच्या मियाकोला रेल्वेने १०२ किलोमीटर, पण गाड्या दिवसाला मोजक्याच आणि प्रवास दोन तासांच्या वर. त्यापेक्षा १०६ क्रमांकाच्या महामार्गावरून जाणारी बस लवकर पोचवते.

किनारासुद्धा सगळीकडे सारखा नाही. मियाकोच्या उत्तरेला जमीन वर उचललेली आहे, कितायामाझाकीला तर दोनशे मीटरचे कडे सरळ समुद्रात उतरतात. दक्षिणेला उलट, दऱ्याच समुद्रात बुडाल्या आहेत. प्रत्येक खाडीच्या पोटात एक गाव आणि दोन गावांच्या मध्ये डोंगराची सोंड. दापोली-गुहागरकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथे जायचं तर केवढा वळसा! याच निमुळत्या खाड्यांत शिरताना त्सुनामीची लाट चढत जाते. १८९६, १९३३, २०११. मियाकोजवळ आनेयोशी नावाच्या वस्तीत १९३३ नंतर एक दगड उभारलाय, या जागेच्या खाली घर बांधू नका असं बजावणारा. लोकांनी ते पाळलं. २०११ ची लाट त्या दगडाच्या थोडी खाली थांबली.

अशा किनाऱ्यावर रेल्वे हवी म्हणून लोकांनी पिढ्यान् पिढ्या मागणी केली. रूळ तुकड्या-तुकड्यांनी पडत गेले आणि काम पुरं होण्याआधीच सरकारी रेल्वे कर्जात बुडाली. १९८० च्या कायद्यानुसार तोट्यातल्या लाइन्स सोडून द्यायच्या यादीत इथल्या लाइन्सही आल्या. तेव्हा इवाते प्रांत, किनाऱ्यावरच्या नगरपालिका आणि काही खासगी भागधारक यांनी मिळून कंपनी काढली, अपुरे राहिलेले दुवे जोडून घेतले आणि १ एप्रिल १९८४ ला गाडी सुरू केली. सरकारी रेल्वेने सोडलेली लाइन स्थानिकांनी अशी चालवायला घेण्याचा जपानमधला हा पहिला प्रयोग. सुरुवातीची काही वर्षं नफाही झाला. पुढे गावं म्हातारी होत गेली, घराघरांत मोटारी आल्या आणि तोटा सुरू झाला.

आता ११ मार्च २०११, भूकंप आणि त्सुनामीचा दिवस. मियाकोतल्या मुख्यालयाची वीज गेली, म्हणून स्टेशनात उभ्या असलेल्या डिझेल गाडीतच कंपनीने आपत्ती नियंत्रण कक्ष थाटला. इंजिन चालू ठेवलं की दिवे आणि ऊब तरी मिळे. दक्षिणेच्या भागात एक गाडी भूकंपाच्या वेळी लांबलचक कुवादाई बोगद्यात होती, ती तिथेच थांबली म्हणून वाचली. शिमानोकोशीचं स्टेशन पुलासकट वाहून गेलं. कंपनीचे अध्यक्ष मासाहिको मोचिझुकी दोन दिवसांनी पाहणीला निघाले, तर तारो गावात रस्ते ढिगाऱ्यांखाली गाडलेले आणि माणसं रुळांवरून चालत जाताना दिसली. घरच्यांना शोधायला, दवाखाना गाठायला दुसरी वाटच उरली नव्हती. मग ठरलं, जेवढं चालवता येईल तेवढं आत्ताच चालवायचं. १६ मार्चला, म्हणजे पाचव्या दिवशी, कुजी ते रिकुचु-नोदा या ११ किलोमीटरवर गाडी सुटली. २० तारखेला मियाको-तारो सुरू झालं. महिनाअखेरपर्यंत तिकीट घेतलं नाही.

त्याच महिन्याच्या ५ तारखेला जपानने आपली नवी कोरी ई५ शिनकानसेन रुळांवर आणली होती. भूकंपानंतर तो मार्ग पूर्ण सुरू व्हायला २९ एप्रिल उजाडला, आणि एवढं मोठं नुकसान पाहता तेही अफाट काम होतं. दोन्हींची बरोबरी मी करत नाहीये. मुद्दा असा की किनाऱ्यावरच्या गाडीचा निर्णय घेणारा माणूस त्या चिखलात स्वतः उभा होता. मालक गावातले, प्रवासी गावातले, चालवणारे गावातले. टोकियोत बसलेल्या कोणाला फाइल पाठवायची नव्हती.

६ एप्रिल २०१४ पर्यंत कंपनीचे तेव्हाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही भाग पूर्ण पुन्हा सुरू झाले. कुवेतच्या मदतीतून घेतलेल्या नव्या डब्यांवर आभाराचा मजकूर आहे, अरबीतसुद्धा. या दोन भागांमधला मियाको-कामाइशी हा ५५ किलोमीटरचा तुकडा जेआर ईस्टचा (सरकारी रेल्वेतून निघालेल्या कंपन्यांपैकी एक) होता, १९३९ चा, समुद्राला बराच लागून, त्यामुळे त्याची दैना झाली होती. जेआरने तो दुरुस्त करून दिला, सोबत ३०० कोटी येन दिले आणि सानरिकु रेल्वेच्या हवाली केला. २३ मार्च २०१९ पासून दक्षिणेच्या साकारीपासून उत्तरेच्या कुजीपर्यंत अशी १६३ किलोमीटरची एकसंध लाइन झाली. ऑक्टोबरमध्ये हागिबिस चक्रीवादळाने तिचा मोठा भाग पुन्हा उखडला. मार्च २०२० मध्ये ती परत उभी राहिली, तोवर कोरोना दारात होता.

खरं दुखणं मला वेगळीकडे दिसतं. याच किनाऱ्याला समांतर सेंदाई ते हाचिनोहे असा ३५९ किलोमीटरचा द्रुतगती रस्ता २०२१ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण झाला. बहुतेक भागात टोल नाही. रस्ता चांगला आहे, आम्हीही वापरतो, आणि संकटात मदत पोचायला तो हवाच. पण त्या रस्त्याचा दरवर्षीचा नफा-तोटा कोणी छापत नाही. रेल्वेचा मात्र दरवर्षी छापून येतो आणि मग हिला पोसायची कशाला, हा प्रश्न निघतो. रस्ता म्हणजे गुंतवणूक आणि गाडी म्हणजे बोजा, हा हिशेब मला मान्य नाही. ज्याला मोटार चालवता येते त्याच्यासाठी रस्ता पुरेसा आहे. सकाळच्या गाडीतली शाळेच्या गणवेशातली मुलं आणि दवाखान्याच्या पिशव्या घेऊन बसलेल्या आज्या मोटार चालवत नाहीत. गाडीत चढताना दाराशी नंबराची चिठ्ठी घ्यायची, उतरताना पुढच्या फलकावर तो नंबर शोधून तेवढी नाणी चालकाजवळच्या पेटीत टाकायची. मी पाहिलंय, एक आजी नाणी मोजत राहिल्या आणि चालक गाडी थांबवून शांतपणे उभा राहिला. मागून कोणी हूं की चूं केलं नाही.

याला दुसरी बाजूही आहे. साकारीच्या दक्षिणेला जेआरने रूळ काढून त्याच जागी फक्त बससाठी रस्ता केला. साकारी स्टेशनात एकीकडे गाडी आणि शेजारी बस उभी दिसते. मला सुरुवातीला ते बघून वाईट वाटायचं. पण बसच्या फेऱ्या जास्त आहेत आणि त्सुनामीनंतर उंचावर सरकलेल्या नव्या वस्त्यांजवळ थांबे देणं तिला सोपं जातं. म्हणून रूळच हवेत असा माझा हट्ट नाही. रोज सकाळी ठरल्या वेळेला काहीतरी येणार आणि त्याची जबाबदारी नाव घेऊन सांगता येईल अशा जवळच्या माणसांची असणार, एवढा आग्रह आहे.

एसटीच्या तोट्याच्या बातम्या वाचते तेव्हा हेच मनात येतं. नवा महामार्ग झाला की फीत कापली जाते, आणि आडगावाची मुक्कामी गाडी बंद झाली की त्या गावाखेरीज कोणाला कळतसुद्धा नाही. एसटी राज्याची राहू दे, पण तालुक्यातल्या फेऱ्या ठरवताना जिल्हा परिषदेला आणि पंचायतींना पैशासकट वाटा आणि अधिकार का नसावा? इवातेतल्या छोट्या छोट्या नगरपालिका १९८४ पासून हे करतायत, आणि त्यांची तिजोरी काही भरलेली नाही.

जपानला येणार असाल तर टोकियो-क्योतोतून दोन दिवस वाचवा आणि मियाको ते कुजी जा. बोगदे पुष्कळ आहेत, पण ओसावाच्या पुलावर काही गाड्या खास समुद्र दिसावा म्हणून थांबतात. देशभरचा जेआर पास या लाइनवर चालत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं. आनंदाने काढा, ते पैसे त्याच गावांच्या गाडीला जातात.