हिरडी सुजली? थांबा की जरा

ब्रश करताना थुंकीत लाल रेघ दिसली म्हणून लगेच दातांच्या डॉक्टरकडे धावणारा माणूस बेळगावचा नव्हेच. आपण 1956 पासून कर्नाटकातून महाराष्ट्रात जायला थांबलेली माणसं. सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग आला, 1967 साली अहवाल देऊन गेला. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढं सोसलेल्यांनी बोटभर हिरडीसाठी घाई करायची म्हणजे घराण्याला बट्टाच.

तेव्हा पहिलं काम, तिला वेगळं नाव द्या. रक्त येतंय म्हणू नका, 'अंगात उष्णता झाली' म्हणा. नाव बदलून काय साधतं हे 2014 साली बेळगावचं बेळगावी झाल्यानंतर आपल्याला कुणी शिकवायला नको. उष्णता म्हटलं की सब्जा, ताक, कोकम एवढ्यावर भागतं आणि ब्रश पूर्वीसारखाच नळाजवळ, केस विस्कटलेला, सुखात राहतो.

आता मुख्य औषध. मशेरी. निपाणीची तंबाखू तव्यावर भाजायची, सगळ्या गल्लीला ठसका लागला पाहिजे, मग चुरून डबीत भरायची. आमच्या आजीची डबी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असायची, हळदी-कुंकवाच्या करंड्याच्या मानानं. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, आणि मध्ये कुणाचा राग आला तर एकदा. 'दात बघ माझे, एक थेंब रक्त नाही!' असं ती अभिमानानं सांगायची, आणि ते खरंही होतं. तंबाखूतल्या निकोटीनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त कमी येतं. आत हाड झिजत असतं आणि बाहेर शांतता. असा बंदोबस्त आपल्याकडं 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनालासुद्धा नसतो! साठीला आजीचे समोरचे चार दात बोटानं निघाले. दुखलं नाही म्हणाली. शिवाय ज्या तंबाखूच्या भावासाठी 1981 साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवला, तिच्याशी आपण गद्दारी करायची? गुटखा आणि मावा खाणाऱ्या तरुणांना वेगळं काही सांगायला नको, तोंड उघडेनासं होईपर्यंत ते आनंदात आहेत.

तरी ठणका लागलाच, तर गल्लीतला एक जण येऊन म्हणेलच, 'कशाला जाऊलैस डॉक्टरकडं? ॲस्पिरिनची गोळी दाब की हिरडीला!' दाबा. तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघते आणि नव्या जखमेच्या नादात जुनी दुखायची विसरते. लवंगाचं तेल थेंबभर पुरत असेल, तर कापूस निथळेपर्यंत बुडवा, तेही भाजतं. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या चिठ्ठीशिवाय आणा, दोन खा, उरलेल्या दोन पुढच्या सुजेसाठी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. वहिनींनाही लागतात कधी कधी.

आमची पुतणी दातांची डॉक्टरकी शिकते, म्हणून तिच्यासमोर मी हे उपाय सांगत नाही. तिचं म्हणणं फारच साधं, म्हणून पटत नाही. दातावर जंतूंचा चिकट थर बसतो. रोज घासला तर जातो, नाही घासला तर काही दिवसांत दगडासारखं कीटण होतं. ते मग कोळसा, मीठ, राखुंडी कशालाच दाद देत नाही, डॉक्टरांनाच खरवडून काढावं लागतं. हिरडी नुसती सुजलेली असेपर्यंत सगळं पूर्ववत होतं, हाड झिजलं की गेलं ते गेलं. 'काका, कीटण काढल्यानं दात ढिले होत नाहीत, कीटणानंच ढिले झालेले असतात,' म्हणते. मऊ ब्रश, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तंबाखू बंद. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दिला तर सांगितले तेवढेच दिवस, नाहीतर दात तपकिरी होतात. म्हणजे खडेबाजारातला कुंदा न खाताच कुंद्याचा रंग.

वर हिचे प्रश्न संपत नाहीत. साखर तपासली का? मधुमेहात हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर चढते. बीपीची अम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन चालू आहे का? त्यांनी कुणाकुणाची हिरडी वाढते, पण गोळी मनानं सोडायची नाही, ज्यांनी दिली त्यांनाच विचारायचं. घरात कुणी गरोदर आहे का? त्या दिवसांतही हिरड्या सुजतात, 'पोरासाठी दात जातोच' म्हणून गप्प बसायचं नाही. आणि गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना. आमच्यासारख्या धीराच्या लोकांना 'त्याच दिवशी' हे शब्द कसे लागतात हे त्या पोरीला कळत नाही.

मी गेलो नाही असं नाही हं. गेलो होतो. दारातला फॉर्म कन्नडमध्ये होता, स्वाभिमान जागा झाला, परत आलो. (आत डॉक्टरीणबाई मराठीतच बोलतात हे नंतर कळलं, पण तोवर आलो होतो ना.) पुढचा महिना श्रावणाचा, उपासातिपासाचा. मग गणपती. मग दसरा, दिवाळी, आणि 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला घोषणा द्यायला तोंड मोकळं हवं. डिसेंबरात बघू. तोपर्यंत उजवीकडची हिरडी सुजली असेल तर डावीकडनं चावा. डावीकडची मीही परवापासून जरा सांभाळूनच वापरतोय.