कोबेचं गुणपत्रक

देशातल्या जुन्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: परदेशी फिरायला गेलं तर सर्वांत उत्तम स्टेक कुठे खावा? (खावा की खाऊ नये हा वाद वेगळा, त्यात मी पडत नाही.) निकाल लागल्यातच जमा आहे. जपानला जा, कोबे हे तिथलं गोमांस खा, बाकी सगळं वातड. एकानं तर ए-५ ही सर्वांत वरची श्रेणी म्हणजे काय, मार्बलिंगला, म्हणजे मांसातल्या चरबीच्या जाळीला, १२ पैकी किती, असं गुणपत्रकच टाकलं. अर्जेंटिनाचं नाव निघताच उत्तर आलं, 'गेलो होतो. चामडं होतं.'

मी ब्युनोस आयर्सला राहते. डोकं फिरलं.

कोबे वाईट नाही. ह्योगो प्रांतात जन्मलेलं-वाढलेलं ताजिमा जातीचं जनावर, मार्बलिंग किमान ६, सगळं कबूल. पण चार घासांत ओशट वाटायला लागतं, त्याचे गुण कोण देणार?

आणि चामडं का मिळालं, तेही सांगते. इथे मुकाट ऑर्डर दिली की मांस चांगलंच शिजून येतं. इथल्यांना तसंच आवडतं. 'हुगोसो', म्हणजे आतून रसाळ, म्हणायचं असतं. दारात उभं राहून इंग्रजीत बोलावणाऱ्याच्या मागे तर जायचंच नसतं. रविवारी दुपारी गल्लीतल्या पारिशात, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजणाऱ्या खानावळीत, विस्तवाजवळची जागा धरावी. बाजूच्या लोखंडी टोपलीत लाकूड जळत असतं. निखारे खाली पडले की पारिशेरो, म्हणजे भाजणारा, ते ओढून जाळीखाली पसरतो, वर तळहात धरून धग बघतो. जाडं मीठ, बस्स. एन्त्रान्या (श्वासपटलाचा तुकडा) मागवा, नाहीतर बासिओ (कुशीचा). लोमोच्या (पाठीच्या कोवळ्या भागाच्या) मागे कसले लागता, नुसता मऊ! फ्लोरेन्सचा चार बोटं जाड बिस्तेका, म्हणजे तिथला स्टेक, मी मानते, कारण तिथेही सगळी मदार विस्तवावर. जपानातही बिंचोतान कोळसा आहे म्हणा, पण ते सध्या राहू दे.

पांपाच्या मैदानातल्या गवतावर वाढलेली गुरं, असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. त्यातली बरीचशी आता शेवटचे महिने फीडलॉटच्या कुंपणात मका खातात, हे लिहिलं नाही. तरी टोमणा आलाच: 'तू काय, आता तिकडचीच झालीस.'

झालेय का? इतकी वर्षं काढली, पण नव्या पारिशात बसलं की वेटर माझा चेहरा बघून आधी प्रोवोलेता (भाजलेलं चीज) आणि भाज्यांचं पान उघडून देतो. अगदी प्रेमानं. मी न बघताच एन्त्रान्या सांगते, हुगोसो, गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच.