हवेचं भोक

शनिवारपासून माझ्या उजव्या चपलेला करडईच्या तेलाचा वास येतोय. दोनदा घासली, गच्चीवर उन्हात ठेवली. सोलापूरच्या उन्हात कुरडया सकाळी घातल्या की दुपारपर्यंत कडक होतात, पण तेल काही वाळत नाही. ते पातळ होऊन चपलेत आणखी आत मुरतं. स्टाफरूममध्ये सध्या मी पाय खुर्चीखाली ओढून बसतो.

झालं एवढंच, की पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आणला आणि त्यातलं थोडं तेल रोजच्या बरणीत काढायचं होतं. दुकान, रिक्षा, दोन जिने आणि माझी कंबर हा भाग सोडून देतो.

या डब्याच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकची एक तोटी बसवलेली असते. कासवाच्या मानेसारखी आत दुमडलेली. दोन कान धरून ओढली की फट्‌कन बाहेर येते. मग टोपण फिरवून काढायचं. खाली प्लास्टिकचा पडदा, त्याला एक कडी. कडीत बोट अडकवून ओढलं, की पडदा गोल फाटून निघतो. हे सगळं डब्यावर चित्रांत दाखवलेलं आहे. चित्रात नुसता हात दिसतो, पण तो हातसुद्धा खूश आहे असं वाटतं.

माझ्या बोटात कडी आली. पडदा जागेवर राहिला.

"झाला साखरपुडा," ही म्हणाली आणि आत गेली.

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि पडद्यात घुसवला. पडदा अर्धा फाटला आणि अर्धा आत लोंबत राहिला, मांजराच्या जिभेसारखा. चिमट्यानं धरायला गेलो तर आणखी आत. शेवटी म्हटलं, राहू दे, तेलाला काय तेवढी जागा पुरते. स्वयंपाकघरात सांडायला नको म्हणून डबा खाली ओट्यावर नेला. ही माझी दूरदृष्टी. ओट्यावर तळमजल्यावरचे काका बसलेले असणार, हे त्या दूरदृष्टीत आलं नाही.

"काय करूलालाव सर?"

"तेल काढतोय, काका."

"काढूलालाव का सांडूलालाव?"

तोवर एक थेंबही सांडलेला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

काकांची ओळख करून द्यायला हवी. ते इथल्या एका कापडगिरणीत ऑइलमन होते, म्हणजे मागांना तेल घालणारे. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण काका अजून पाळीवर आहेत. सकाळी सातला ओट्यावर हजर, दुपारी जेवायची सुट्टी, चारला परत हजर. मधल्या काळात बिल्डिंगमध्ये जे काही करकरतं, त्याला ते तेल घालतात. फाटक, झोपाळा, लोकांची भांडणं.

"सर, आमची कुप्पी बगितलाव का कधी? एवढी चोच." त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत हात दाखवला. मागच्या वेळी सांगितलं तेव्हा वीतभर होती. "बुडाला अंगठा लावलो की टक्. एक थेंब. दुसऱ्या मागाला टक्. एक थेंब. सव्वीस वर्षं. कापडावर डाग पडू दिलो न्हाय. डाग पडला की जॉबर, म्हंजे आमचा मुकादम, बोंबलायचा."

"काका, तुमच्या कुप्पीत पावशेर तेल. हा पंधरा किलोचा डबा आहे."

"तेलाला किलो कळतंय व्हय? डबा उलटा धरा."

"म्हणजे?"

"तोटी खाली करूलालाव तुमी. तोटी वरल्या अंगाला ठिवा आन मग वाकवा."

आता मी आठवीला विज्ञान शिकवतो. गेली एकोणीस वर्षं. पदार्थ वरून खाली पडतो ही गोष्ट मला कुणी ओट्यावरून समजावून सांगावी अशी परिस्थिती नाही. तोटी बरणीच्या जवळ असेल तर धार जवळून पडेल, इतकं साधं आहे. मी हसलो. ते हसू मला आता फार महाग पडतंय, कारण काकांचा नातू माझ्याच वर्गात आहे.

मी डबा वाकवला. तेल आलं. छान, सोनेरी, एकसंध धार. मी काकांकडे पाहिलं. तेवढ्यात धार तुटली. डब्याच्या पोटात 'डुबुक्' झालं, आतला तो मांजरजिभेचा तुकडा तोटीच्या तोंडाशी येऊन बसला आणि सगळं बंद. मी डबा हलवला. जीभ सुटली आणि ढब्बकन इतकं तेल आलं, की बरणीच्या काठावर आदळून अर्धं माझ्या पँटवर, काही चपलेत आणि उरलेलं फरशीवर. डबा सरळ करायला गेलो तर तोटीच्या ओठावरून एक ओहोळ मागे फिरला आणि डब्याच्या अंगाने माझ्या मनगटाला भेटून बाहीत शिरला.

काका जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही पाय ओट्यावर घेतले, एकामागून एक, अगदी सावकाश.

"हवा मागूलालाय त्यो डबा," ते म्हणाले. "तेल भाईर आलं की आत जागा झाली. जागेला हवा पायजे. एकाच दारातनं तेल भाईर आन हवा आत, मग धक्काबुक्की हुणार की. आमच्या येळंला खिळ्यानं दोन भोकं पाडायची. एक तेलाचं, एक हवेचं. आता एकच भोक ठिवलेत आन त्याला सील म्हणतेत." मग थोडं थांबून, खरोखर कुतूहलानं: "सर, हे तुमच्या पुस्तकात न्हाय का?"

आहे. 'बल व दाब' नावाचा धडाच आहे. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला पालथा करण्याचा प्रयोग मी दरवर्षी करतो आणि पोरं दरवर्षी टाळ्या वाजवतात.

फरशीचं पुढे काय झालं ते ऐका. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. शनिवारी तेल सांडलं आणि आमच्या भागाची पाळी बुधवारी. उजनी धरण भरल्याची बातमी आम्ही दर पावसाळ्यात आनंदाने वाचतो आणि पिंपं मोजून झाकणं लावतो. साठवलेल्या पाण्याने पावशेर तेल धुणं म्हणजे सोलापुरात गुन्हाच. काकांनी आदेश काढला, "ज्वारीचं पीठ टाका, वढून घेतंय." ही वरून ओरडली, "मालदांडी आहे ती, मंगळवेढ्याची!" तरी दोन वाट्या टाकल्या. पीठ तेल पिऊन फुगलं, काकांनी बोटाने दाबून पाहिलं. तिखट-मीठ घातलं असतं तर धपाट्यांचं पीठ झालं असतं. आजही तिथे पाय घसरतो. दूधवाला कठड्याला धरून येतो.

त्या रात्री झोप आली नाही. रागाने माणूस एक तर देवाकडे वळतो नाहीतर वाचायला लागतो. मी वाचलं. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश फौज चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून पेट्रोल नेत होती. चार गॅलन म्हणजे अठरा लिटर, दिसायला आपल्या तेलाच्या डब्याचा थोरला भाऊ. सैनिक त्याला 'फ्लिम्झी' म्हणत, म्हणजे तकलादू. तिथले ब्रिटिश सेनापती जनरल ऑकिन्लेक यांच्या अंदाजाने तळावरून फौजेपर्यंत पोचता पोचता 30 टक्के पेट्रोल गळून जायचं. जर्मनांचा 1937 च्या सुमाराचा डबा मात्र वेगळा. धरायला तीन मुठी, खटक्याचं झाकण आणि तोंडाशी आत हवेसाठी एक बारीक नळी. ब्रिटिशांनी शत्रूचे डबे पळवून वापरले, मग सरळ नक्कल केली आणि जर्मनांना ठेवलेल्या 'जेरी' या टोपणनावावरून त्याला 'जेरीकॅन' म्हणायला लागले.

म्हणजे हवेचं भोक किती मोलाचं असतं हे जर्मन सेनापती रोमेलच्या सैन्याला माहीत होतं. काकांना माहीत होतं. 2 माणसांच्या घरात पंधरा किलो तेल विकणाऱ्याला तेवढं माहीत नसावं? सकाळी मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "जर्मन आमच्या गिरणीत हुता का?"

तो मागे फिरणारा ओहोळ ही आणखी वेगळी भानगड. धार मंद झाली की द्रव ओठाला चिकटतो आणि खालच्या अंगाने मागे वळतो. चहाच्या किटलीचं तेच दुखणं, म्हणून शास्त्रज्ञही त्याला 'टीपॉट इफेक्ट' म्हणतात. मार्कस रायनर यांनी 1956 मध्ये त्यावर लिहिलं, जोसेफ केलर यांनी पुढच्याच वर्षी गणित मांडलं, आणि न गळणाऱ्या चोचीच्या गणितासाठी 1999 मध्ये इग नोबेल दिलं गेलं. हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. माझ्या बाबतीत क्रम उलटा होता, आणि हसले फक्त काका. याच केलरना 2012 मध्ये पोनीटेल कशी हलते याच्या गणिताबद्दलही इग नोबेल मिळालं. चोचीचा थेंब आणि केस हा संबंध आमच्या आजीने आधीच लावला होता. तेल ओतून झालं की शेवटचा थेंब ती बोटावर घ्यायची आणि ते बोट भांगात फिरवायची. पुरस्कार नाही, गळती नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी आलेखाच्या कागदावर तोटीचं चित्र काढलं. तोंड 42 मिलिमीटर, पट्टीने मोजलेलं. आत हवेची नळी, तुटक रेषेने. ओठ पातळ आणि धारदार, कारण धारेला मागे वळायला गोलाई मिळता कामा नये. काका स्कूटरवर मागे बसले, कुणी बोलावलं नसताना. मंगळवार पेठेत पत्र्याचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांनी कागद घेतला, उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "नरसाळं पायजे का?"

"नाही, तोटी. एक थेंब गळता कामा नये."

"मग ओतता कशाला?"

काकांना हे इतकं आवडलं, की त्यांनी दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही ते सांगितलं.

चाचांनी पत्रा कापला, वळवला, नवसागराच्या धुरात डाग दिला. तोटी घरी आणून बसवली. पहिल्या खेपेला हवेच्या नळीतून तेल आलं आणि तेलाच्या नळीतून हवा. नळी आत आखूड पडली होती. दुसऱ्या खेपेला नळी लांब केली आणि काय सांगू, धार अशी आली की जणू रेशमाचा धागा. डबा सरळ केला, धार कापल्यासारखी तुटली. ओठावर थेंब नाही. मी हिला हाक मारली. तिने कौतुकाने ओठावरून बोट फिरवलं आणि बोट कापलं. तेलाचा थेंब गळला नाही, रक्ताचा गळला. चाचांकडे जाऊन धार घासून ओठ गोल करून आणला. आता बोट कापत नाही. आता गळतं.

मधल्या काळात दुकानदाराकडेही जाऊन आलो. कडी दाखवली. त्याने डबा कुठाय विचारलं. सांगितलं. तो म्हणाला, सील तुटलेला डबा परत घेत नाही. मी म्हटलं, तक्रारच अशी आहे की सील नीट तुटत नाही. तो म्हणाला, मग तुटलं कसं? पाठीमागे रांग होती. मी निघालो, पण निघताना पहिल्यांदाच डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. शेजारी-शेजारी ठेवलेल्या, एकाच उंचीच्या वाटणाऱ्या डब्यांत एकावर 15 किलो, दुसऱ्यावर 15 लिटर. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलो. 1 किलो 350 ग्रॅमचा फरक, आणि आम्ही दोन्हीला 'पंधराचा डबा' म्हणतो. मी पावशेर सांडलं तर ओट्यावर सभा भरली. या सव्वा किलोसाठी कुणी पायसुद्धा वर घेत नाही.

सध्या तेल असं काढतो. रात्री दहानंतर, काका झोपल्यावर, दाराला कडी लावून. डबा उलटा धरतो, तोटी वरच्या अंगाला. सावकाश वाकवतो. वरून हवा आत जाते, खालून तेल चढत येतं आणि 'डुबुक्' होत नाही. ही दिवा धरते. आम्ही दोघंही बोलत नाही.

काल आठवी 'ब'वर तास होता. हजेरी संपते न संपते तोच मागच्या बाकावरचा हात वर.

"सर, आजोबांनी विचारायला सांगितलंय, डबा कसा धरला की..."

"धडा तिसरा उघडा," मी म्हटलं.

"सर, तोच आहे."