काका, जरा लाइटमध्ये दाखवू?

माझं वय 58 आणि मला मिशी नाही. मिशी नसल्यामुळे सोसायटीच्या गणपतीतल्या नाटुकल्यात मला नव्या सुनेचं काम मिळालं, आणि वयामुळे परवा दादरच्या एका साडीच्या दुकानात माझी शोभा झाली. आपल्या कपाटाला हात लावायचा नाही, असं बायकोनं आधीच बजावलं होतं. (मागे एकदा मी तिच्या नारायणपेठीनं टेबलफॅन पुसला होता. जुनी वाटली म्हणून पुसला. असो.) त्यामुळे साडी विकत घेणं आलं.

जाताना मी लाजायची जय्यत तयारी करून गेलो होतो. डोंबिवली ते दादर, मुलुंडपर्यंत उभ्यानं आणि पुढे चौथ्या सीटवर, मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो. ‘बहिणीला द्यायचीय, साधारण माझ्याच अंगाची आहे.’ हे घाटकोपरला बाद केलं. शेवटी ठरवलं, खरं काय ते सांगून टाकायचं. दुकानात चपला काढल्या, गादीवर बसलो आणि समोरच्या पोरसवदा सेल्समनला घसा खाकरून म्हटलं, “मलाच नेसायची आहे.”

त्यानं मानही वर केली नाही. “काठपदर की डिझायनर?”

एवढंच! हसला नाही, दचकला नाही, बाजूच्याला कोपरानं डिवचलंही नाही. खरं सांगायचं तर मला थोडं वाईटच वाटलं. एवढी तालीम वाया गेली. मग लक्षात आलं की याला कसलं नवल वाटणार? हा काळ्याभोर मिशीचा, पंचविशीतला मुलगा सकाळपासून रात्रीपर्यंत साड्याच लावून उभा असतो. आम्ही बसलेलो असतानाच त्यानं तीन बायकांना तीन साड्या स्वतःच्या अंगावर दाखवल्या. निऱ्या बोटांवर झरझर खेळवायच्या, पॅंटच्या पट्ट्यात खोचायच्या, पदर खांद्यावरून मागे सोडायचा आणि एक पाय किंचित पुढे टाकून आरशाकडे तिरकं बघायचं. समोरच्या बायका त्या पदराकडे अशा टक लावून पाहत होत्या की मिशी त्यांच्या हिशेबातच नव्हती.

तर मला पोपटी आवडली. रानी रंगाचा काठ, पदरावर बारीक मोर. आवडली म्हणजे अशी की हात आपोआप पुढे गेला. आमच्या जन्माला रंग कुठले आले? 34 वर्षं नोकरीत पांढरा, आकाशी आणि ‘फिका आकाशी’ एवढे तीन शर्ट आलटून पालटून घातले. पॅंटांचे रंग मातीचे. पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात ‘जरा वेगळं दाखवा’ म्हटलं की ते रेघा दाखवतात. आयुष्यात पहिल्यांदा साडेपाच मीटर रंग माझ्या मर्जीनं निवडायची वेळ आली होती.

आणि तो पोरगा म्हणाला, “काका, हा कलर... जरा लाइटमध्ये दाखवू?”

मला वाटलं, दिव्याखाली नेऊन दाखवतोय. मी उठलोसुद्धा. लाइट म्हणजे फिका, हे कळेपर्यंत त्यानं बिस्किट, मोतिया आणि राखाडी असा बाराव्या-तेराव्याचा ढीग माझ्यापुढे रचला होता.

इथे मावशींनी प्रवेश केला. म्हणजे त्या बसलेल्याच होत्या, माझ्या डावीकडे, लेकीबरोबर. समोर लग्नाच्या मानाच्या साड्यांची चळत, हातात चहाचा कागदी कप. वय सत्तरच्या आसपास. त्यांनी कप खाली ठेवला, माझ्या पोपटी साडीचा पदर चिमटीत धरला, मुठीत चुरगाळला, सोडला, सुरकुती पडली का पाहिलं आणि विचारलं,

“नेसणारीचं वय काय?”

“अठ्ठावन्न. म्हणजे, मीच नेसणार आहे.”

“ऐकलं मी. मग पोपटी कशाला?”

“नाटकात नवी सून आहे मी.”

“असेना. अंगावर तर तुमच्याच येणार ना?”

याला उत्तर नव्हतं. तरी मी म्हटलं की विग असणार आहे, काळा, अंबाड्याचा.

“विगनं काय होतंय? वय मानेवर कळतं.” आणि त्यांनी माझ्या मानेकडे असं काही पाहिलं की मी शर्टाचं वरचं बटण लावलं. “आम्हीसुद्धा होतो नव्या सुना. पोपटी आम्हीही नेसलोय. पण वेळच्या वेळी नेसलो.”

म्हणजे चूक माझीच. पंचविशीत नेसायची सोडून मी स्पर्धा परीक्षा देत बसलो.

“अरे, त्यांच्या अंगावर टाक ना,” मावशींनी हुकूम सोडला. पोरानं मला उभं केलं. पदर खांद्यावर आला, निऱ्या पोटाशी आल्या आणि पोट असल्यामुळे तिथेच अडकल्या. आरशात मी, पांढऱ्या शर्टावर पोपटी. गादीवरच्या सगळ्या बायका आता आपापल्या साड्या सोडून माझ्याकडे पाहत होत्या. मावशींची लेक म्हणाली, “आई, छान दिसतायत गं ते.”

“छान दिसतायत गं. पण शोभत नाही.”

हा फरक मला अजून कळलेला नाही. पोरानं मात्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यानं साडी माझ्या अंगावरून काढली, स्वतःला लावली, पाय पुढे टाकला. “हे बघा काका, माझ्यावर उठतो. तुमच्यावर दबतो.” उठत होता, खोटं कशाला बोलू? मावशींनी मान डोलावली. मिशीला पोपटी शोभत होती, पांढऱ्या केसांना नव्हती.

मी तावातावानं बालगंधर्व काढले. आमची आजी सांगायची की बायका त्यांच्या नाटकाला गाणं ऐकायला जायच्याच, पण पदर कसा घेतलाय, नथ कशी घातलीय, हेही डोळ्यांत साठवून आणायच्या आणि घरी तसंच करायच्या. माणूस जन्मला 1888 साली आणि पन्नाशी उलटल्यावरही नायिका म्हणून उभा राहत होता, खरे शालू नेसून, खरं अत्तर लावून. “त्यांना कुणी म्हणालं का, नारायणराव, जरा लाइटमध्ये बघा?”

मावशी शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही गाता का?”

गात नाही. विषय संपला.

तरी मला राग आहे, तो आहेच. हे वयाला शोभण्याचं वेळापत्रक नक्की कुणी छापलंय? मी लाल टी-शर्ट घातला की लिफ्टमध्ये ‘काय काका, गोव्याला?’ अर्धी चड्डी घालून दूध आणायला गेलो तर सेक्रेटरी तब्येत विचारतो. आमच्या पणजीला तर विसाव्या वर्षी नवरा गेल्यावर लाल आलवण दिलं, ते तिनं मरेपर्यंत नेसलं. तिथे एवढा भडक रंग चालला, कारण निवडणारी ती नव्हती. आता तसं कुणी काही लादत नाही म्हणे. आता नुसतं चिमटीत धरून विचारतात, वय काय?

हे सगळं मी दुकानात बोललो नाही. दुकानात मी 2,150 रुपयांची बिस्किट रंगाची घेतली. मावशी “आता कसं!” म्हणाल्या आणि त्यांनी चहा संपवला. पोरगा फॉल-पिको करून देऊ का विचारत होता, मी नको म्हटलं. नाटुकलं पंधरा मिनिटांचं आहे.

घरी बायकोनं पिशवी उघडली. “कुणाचं दिवसकार्य आहे?”

मी घडलेलं सगळं सांगितलं, मावशींच्या आवाजासकट. मला वाटलं हसेल. ती उठून आत गेली आणि कपाटाच्या तळातून एक साडी घेऊन आली. बिस्किट रंगाची. अकरा वर्षांपूर्वी मेहुण्याच्या लग्नासाठी घेतली होती. तेव्हा तिनं हातात रानी धरली होती आणि मी, गादीवर बसून, पाय चेपत, म्हणालो होतो, “जरा भडक नाही वाटत?” मला हे अजिबात आठवत नाही. तिला मी कुठल्या बाजूला बसलो होतो तेही आठवतं. तिनं दोन्ही साड्या पलंगावर शेजारी शेजारी ठेवल्या. नवी कुठली ते फॉल नव्हता म्हणून ओळखू आलं.

“ही आणायच्या ऐवजी हीच नेली असतीस,” ती म्हणाली, “मी एकदाच नेसलेय.” मग तिनं तिची परत तळाशी ठेवली. कपाट लावताना दार जरा जोरात लागलं.

रविवारी तालमीला साडी नेली. दिग्दर्शक, म्हणजे बी विंगचा, दिवसा विमा विकणारा, साडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग म्हणाला, “काका, असं करू. सासूचं काम तुम्ही घ्या. कॅरेक्टर आहे.” सासूला दोन वाक्यं आहेत, त्यातलं एक ‘अगं बाई’.

नव्या सुनेचं काम सी विंगमधला बत्तीस वर्षांचा मुलगा करणार आहे. तो दाढी काढणार नाही म्हणतो, घुंघटात चालून जाईल. कालच रात्री तो दारात येऊन उभा राहिला. साडी घ्यायचीय, चांगला झगझगीत रंग हवाय, पोपटी वगैरे, तुम्ही दादरला कुठल्या दुकानात गेला होता?

मी आठवत नाही म्हणून सांगितलं.