जी जमीन हाती नव्हती, ती देण्याचा ठराव

१६ सप्टेंबर १७७६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, अमेरिकन काँग्रेसने ठराव केला की ब्रिटनविरुद्धचे युद्ध संपेपर्यंत सैन्यात राहणाऱ्या साध्या शिपायाला १०० एकर आणि कर्नलला ५०० एकर जमीन द्यायची. त्या दिवशी काँग्रेसच्या हाती वाटण्याजोगी जमीनच नव्हती. या ठरावाला उदारपणा म्हणायला माझे मन घेत नाही. ती दुसऱ्याच्या शिवारावर काढलेली हुंडी होती.

शिपायाच्या हाती आला तो कागद, ज्याला 'लँड वॉरंट' म्हणत. या वॉरंटांसाठी ओहायोमध्ये जमीन राखून ठेवणारा कायदा १७९६ मध्ये झाला, म्हणजे ठरावानंतर तब्बल वीस वर्षांनी, आणि त्यातही अट अशी की एका वेळी ४००० एकरांचाच तुकडा मिळेल. शंभर एकरवाल्या चाळीस शिपायांनी एकत्र यावे, तेव्हा कुठे एक तुकडा पदरात पडणार! १०० एकरांचे तुकडे पाडण्याची सोय १८०० मध्ये झाली, पण तोवर घर चालवण्यासाठी असंख्य शिपायांनी आपले कागद सट्टेबाजांना मिळेल त्या भावात विकून टाकले होते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याने वीस वर्षे कागद जपून ठेवावा, ही अपेक्षाच मला निर्दय वाटते.

न्यूयॉर्क राज्याची गोष्ट याहून जिव्हारी लागते. १७७९ मध्ये अमेरिकन जनरल सुलिव्हनच्या फौजेने इरोक्वा लोकांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या संघाची, चाळीसहून अधिक गावे जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. आणि पुढे त्याच भागातल्या सरोवरांच्या काठी, इरोक्वांपैकी ओनोंडागा आणि कायुगा लोकांच्या भूमीवर, ६६ फुटी साखळीने मोजून सैनिकांसाठी ६०० एकरांचे तुकडे आखले गेले. (आपल्या गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर त्या साखळीच्या निम्मी, त्यामुळे एकेक तुकडा २४,००० गुंठ्यांचा, हे आपल्याला चटकन उमगते.)

इरोक्वांपैकीच ओनायडा लोक तर बहुसंख्येने अमेरिकनांच्याच बाजूने लढले होते. अमेरिकन सरकारशी झालेल्या १७८४ च्या फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात त्यांच्या राहत्या जमिनीला अभय देण्यात आले होते. चारच वर्षांनी, १७८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्याने वेगळा करार करून त्यातली बहुतेक सारी जमीन आपल्याकडे घेतली.