शिक्रा, कंसात प्रश्नचिन्ह

२०१४ साली पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरताना मी पक्ष्यांच्या नोंदींची वही सुरू केली आणि पहिल्या वर्षातच माझ्या नावावर ११२ जाती जमा झाल्या. पुढे जसजसे पक्षी कळू लागले, तसतशा त्या जाती गळू लागल्या आणि आज त्याच वर्षाच्या पानांवर खोडाखोड होऊन ८७ उरल्या आहेत.

सर्वाधिक पडझड वटवट्यांनी केली. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा पर्ण वटवट्या दहा ग्रॅमपेक्षाही हलका, रंगाने पानासारखा आणि स्वभावाने अत्यंत उतावळा. दुर्बीण डोळ्यांना लावून चष्मा कपाळावर सरकवेपर्यंत तो पलीकडच्या फांदीवर गेलेला असतो. त्याच्या पंखावर फिकी रेघ होती की नव्हती, एवढ्यावर जात ठरते. मला मात्र बहुधा त्याची शेपटीच दिसते, आणि तीही जाताना.

आकड्यांची कथा आणखी लाजिरवाणी आहे. पुण्याजवळच्या कवडी गावच्या नदीकाठी हिवाळ्यात चक्रवाक बदके येतात; ‘कवडीला चक्रवाक भरपूर’ असे मी २०१५ च्या जानेवारीत लिहून ठेवले आहे. यंदा तेथे मी काटेकोरपणे २३ चक्रवाक मोजले. परंतु भरपूरमधून तेवीस वजा केल्यास काय उरते, हे सांगणारे गणित मला शाळेत शिकवलेले नाही.

या सर्वांवर कडी केली ती शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याने. सोसायटीतल्या आंब्यावर दर उन्हाळ्याच्या अखेरीस एक शिक्रा येतो, अशी माझ्या वहीत सलग चार वर्षांची नोंद होती: करडी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे, त्याला पाहून पळणाऱ्या चिमण्या. या नोंदीचा मला अभिमान होता. एके सकाळी ती मी सौभाग्यवतींना वाचून दाखवली, तेव्हा चहा गाळता गाळता त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तो शिक्रा बसल्या बसल्या ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ म्हणून ओरडतोय. तुम्हाला ऐकू येत नाही का?’’

पावशा! दिसायला, उडायलाही हुबेहूब शिक्रा, पण चोच आकडेबाज नव्हे आणि धंदा शिकारीचा नव्हे, तर सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालून मोकळे होण्याचा. त्याने चिमण्यांना फसवले ते समजण्यासारखे आहे. त्या बिचाऱ्यांकडे दुर्बीण नव्हती.

पुढे असे उघडकीस आले की, घरातल्या दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाच्या चौकटीत दर वर्षी ‘पावशा ओरडला’ अशी तारीखवार नोंद आहे. मी त्या सगळ्या तारखा निमूटपणे वहीत उतरवून घेतल्या. निरीक्षकाच्या रकान्यात कोणाचे नाव घालावे याचा विचार करत होतो, तोच स्वयंपाकघरातून सूचना आली, ‘‘उतरवताय तसा दुधाचा खाडाही उतरवून घ्या, मे महिन्यातले दोन दिवस राहिलेत.’’