कुलूप कोणाच्या हातात?

२ नोव्हेंबर २०१७ च्या संध्याकाळी ‘डीएनएइन्फो’ या बातम्यांच्या साइटवर जो कोणी गेला, त्याला एकच पान दिसलं. मालकाचं पत्र. हा शेवटी धंदा आहे, तो आपल्या पायावर उभा राहू शकला नाही, म्हणून आजपासून बंद. जुन्या बातमीची लिंक उघडली तरी तेच पत्र. आमच्या शिकागोतल्या शाळांच्या, रस्त्यांच्या, वॉर्डातल्या भांडणांच्या पाच वर्षांच्या बातम्या एका दुपारीत दिसेनाशा झाल्या. पुढे ओरड झाल्यावर जुनी पानं परत आली, पण ११५ जणांची नोकरी गेली ती गेलीच.

हे आज आठवायचं कारण म्हणजे चिपळूणला राहणारा माझा दादा. गावोगावच्या पोर्टलवाल्यांनी उच्छाद मांडलाय, हातात मोबाइल आला की पत्रकार, सरकारने नोंदणी सक्तीची करावी, असं त्याचं ठाम मत आहे. घरी फोन केला की आता हाच विषय निघतो. त्याचा राग मला समजतो. बातमी दाबायला पैसे, छापायला पैसे, निवडणुकीत ‘पॅकेज’, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही नोंदणीने यातलं काही सुटेल असं मला वाटत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पेड न्यूजचा जो गाजावाजा झाला, तो रीतसर नोंदणी असलेल्या मोठ्या वर्तमानपत्रांबद्दलच होता.

डीएनएइन्फोची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. जो रिकेट्स हे टीडी अमेरिट्रेड ही शेअर दलालीची कंपनी उभी करणारे अब्जाधीश. त्यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ही साइट काढली, २०१२ मध्ये शिकागोत आणली. कल्पना फार चांगली होती. एकेका वार्ताहराला शहरातले ठरावीक मोहल्ले वाटून द्यायचे. त्याने तिथल्या वॉर्डसभेला बसायचं, पोलीस चौकीत जायचं, दुकान का बंद झालं ते विचारायचं. शिकागोत पन्नास वॉर्ड आहेत. मोठी वर्तमानपत्रं माणसं कमी करत असताना एवढ्या खाली उतरून कोणी पाहत नव्हतं. मी राहते त्या डेव्हन अव्हेन्यूच्या बाजूला काय चाललंय हे मला तिथेच कळायचं. वाचक भरपूर होते, नफा मात्र कधी झाला नाही.

मार्च २०१७ मध्ये रिकेट्स यांनी ‘गॉथमिस्ट’ ही न्यूयॉर्कच्या बातम्या देणारी २००३ पासूनची लोकप्रिय साइटही विकत घेतली. त्याच सुमारास त्यांच्यावर टीका करणारे काही जुने लेख गॉथमिस्टवरून काढले गेले. धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या संपादकीय कर्मचाऱ्यांनी २५ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेत जायचं ठरवलं आणि आठवडाभरात सगळं बंद. त्याआधी सप्टेंबरमध्ये, आपण काढलेल्या धंद्यात संघटना का नको, हे रिकेट्स यांनी जाहीरपणे लिहिलंच होतं. मतदान झालं न्यूयॉर्कमध्ये आणि टाळं लागलं शिकागोतही. इथल्या वाचकाला ना मतदानाशी देणंघेणं होतं, ना हिशेबाशी. एका माणसाने खिशात हात घातला म्हणून त्याला बातमी मिळत होती, त्याने हात काढून घेतला तेव्हा ती थांबली.

पुढचा भाग मला दादाला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो. नोकरी गेलेल्यांपैकी काही संपादकांनी लोकांकडे पंचवीस हजार डॉलर मागितले. जमले एक लाख ऐंशी हजारांहून जास्त. जून २०१८ मध्ये ‘ब्लॉक क्लब शिकागो’ सुरू झालं, ना-नफा संस्था म्हणून, वर्षाला ५९ डॉलर वर्गणी घेऊन. मार्च २०२१ मध्ये याच छोट्या साइटने उघड केलं की गरीब वस्तीतल्या लॉरेटो रुग्णालयाला मिळालेली कोविडची लस शहराच्या मध्यभागी ट्रम्प टॉवरमधल्या कामगारांना दिली गेली. रुग्णालयाचा मोठा अधिकारी पायउतार झाला, शहराने त्या रुग्णालयाला पहिल्या डोसचा पुरवठा थांबवला. ऑस्टिन या मोहल्ल्यात कोणाला लस मिळतेय आणि कोणाला नाही, हे रोज पाहणारं कोणीतरी होतं म्हणून हे बाहेर आलं.

ना-नफा म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही खरं. गॉथमिस्टची वॉशिंग्टनमधली बहीण ‘डीसीआयस्ट’ तिथल्या सार्वजनिक रेडिओने २०१८ मध्ये वाचवली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच रेडिओने बंद केली. शिवाय अमेरिकेत अशा देणगीवर करसवलत मिळते, मोठमोठे न्यास पाठीशी उभे राहतात. कोकणात ते कुठून येणार, हा दादाचा प्रश्न योग्य आहे.

पण तालुक्याच्या बातमीची गरज आपल्याकडे इथल्यापेक्षा जास्त आहे. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात अडकला आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिका-महापालिकांवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला. त्या काळात नगरसेवकच नव्हते, तर सभागृहात प्रश्न विचारणार कोण? टेंडर कोणाला गेलं हे विचारायला तालुक्याचा वार्ताहर तेवढा उरला होता. त्याला पगार नसतो. नाममात्र मानधन आणि आणलेल्या जाहिरातीवर कमिशन. ज्या नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात त्याने आणायची, त्याच नेत्याविरुद्ध त्याने लिहायचं! तरीही लिहिणारे लिहितात. राजापूरला शशिकांत वारिसे रिफायनरीविरोधी आंदोलनाच्या बातम्या देत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी त्यांची बातमी छापून आली, त्याच दिवशी त्यांना गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच केला होता.

सरकारी नोंदणीची मागणी करणाऱ्यांनी एवढंही लक्षात घ्यावं की डिजिटल माध्यमांवरच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांतली आचारसंहिता पाळण्याची सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रोखली, आणि सरकारच्या कामाबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारनेच ठरवण्याची तरतूद सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मालकाच्या हातातलं कुलूप काढून ते मंत्रालयाच्या हातात देण्यात वाचकाचा काय फायदा?

‘आपले लोक पैसे देत नाहीत’ हे मला पटत नाही. १९०९ पासून आपण दिवाळी अंक विकत घेत आलो आहोत, गल्लीतल्या गणपतीची वर्गणी भरत आलो आहोत. बातमीसाठी आजवर कोणी सरळ मागितलंच नाही, आणि मागितलं तेव्हा हिशेब दाखवला नाही. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा परदेशातले आम्ही सगळे रात्रभर गावातल्या पोरांचे व्हिडिओ बघत बसलो होतो. त्यांना एक रुपया दिला नाही.

म्हणून दादाला मी या वेळी सांगितलं, चिपळुणात दोन-तीन धडपडी मुलं बघ. मालक कोण, जाहिरात कोणाची, खर्च किती, हे त्यांनी दर वर्षी आपल्याच साइटवर लिहायचं. पालिकेची प्रत्येक सभा आणि प्रत्येक मोठं टेंडर त्यात आलं पाहिजे. जुन्या बातम्या दुसऱ्या कोणाकडे, एखाद्या वाचनालयाकडे, जपून ठेवायच्या, म्हणजे एका माणसाच्या रागाने त्या जाणार नाहीत. पहिल्या वर्षाची वर्गणी माझी आणि इथल्या ओळखीच्या चिपळूणकरांची. पण निम्म्याहून जास्त पैसे गावातूनच यायला हवेत, नाहीतर उद्या आम्ही परदेशातले मालक होऊन बसू. दादा म्हणाला, आधी पोरं शोधतो, मग बोलू.